करकंबच्या बाळाची डावी बाजू

मल्लिनाथ डॉक्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "ईसीजी कुणी काढला?" पलीकडे आमच्या हॉस्पिटलातली जुनी सिस्टर होती आणि ती रडत होती. मी पुन्हा विचारलं, नाडी कुणी पाहिली, किती वेळ पाहिली, मनगटाला पाहिली की मानेला... शेवटी ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच या आणि बघा." सकाळी नाश्त्याला बसलेला माणूस कपबशी खाली ठेवतो, टेबलावर डोकं टेकतो आणि उठत नाही, हे मला पटेना. मी विजापूर रोडवरच्या त्यांच्या घरी गेले. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसतं केलं होतं. कपाळाला विभूती, मान थोडी कललेली, दुपारच्या ओपीडीनंतर डुलकी लागायची तशी. माझा संशय आणखीच वाढला. जमलेल्या सगळ्यांच्या देखत मी पुढे झाले, त्यांच्या मानेवर दोन बोटं ठेवली आणि घड्याळ लावून मिनिटभर तशीच उभी राहिले. त्यांच्या पत्नी महादेवीताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बघितलंत ना बाई? आता बसा." मग मी बसले. त्याला आता पाच आठवडे झाले.

मी भूलतज्ज्ञ आहे. आमचा धंदाच संशयाचा. सर्जन टेबलाच्या एका बाजूला उत्साहाने काम करत असतो आणि आम्ही उशाशी बसून, आता काय बिघडेल, याची वाट बघत असतो. सिलिंडर भरलेला आहे असं सांगितलं तरी आम्ही उघडून बघतो. बाळ चार तास उपाशी आहे असं आई सांगते, तेव्हा आम्ही आजीकडे बघतो, कारण मधाचं बोट तिनेच चाटवलेलं असतं. माझा मुळातला स्वभावही तसाच आहे. भाजीवालीने आपणहून जास्तीची कोथिंबीर दिली तर मी उरलेली भाजी पुन्हा निवडून घेते. मल्लिनाथ म्हणायचे, "बाई, तुम्ही बारशाला गेलात तरी पाळण्याचे दोर ओढून बघाल." ते खोटं नव्हतं. त्यांच्या नातीच्या बारशाला मी खरंच ओढून पाहिले होते.

ते लहान मुलांचे सर्जन. अक्कलकोटच्या पलीकडे, हद्दीवरच्या एका गावातले. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्हींची सरमिसळ. बावीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं. सुरुवातीची काही वर्षं मला त्यांचा मुळीच भरवसा वाटत नव्हता. हात फार चलाख होता. दुसऱ्याला ज्या कामाला तास लागे ते यांचं अर्ध्या तासात उरकलेलं असे. इतक्या झपाट्याने काम करणारा माणूस काहीतरी सोडून देत असणार, असं माझं ठाम मत होतं. शिवाय टेबलावरच्या बाळाशी ते कन्नडमध्ये पुटपुटत. आमची एक सिस्टरही कन्नड बोलणारी होती, ती ऐकून हसायची. ही दोघं माझ्याबद्दलच बोलतात, असं मी कितीतरी महिने धरून चालले होते. शेवटी एकदा विचारलंच. ते म्हणाले, "बाळाला सांगतोय, त्या बाईंना घाबरू नकोस, त्या तुझ्या बाजूच्या आहेत." यावरही मी लगेच विश्वास ठेवला नाही. कन्नड समजणाऱ्या दुसऱ्या एका सिस्टरकडून खात्री करून घेतली.

आमचा खरा वाद एकाच आजारावर होता आणि तो वर्षानुवर्षं चालला. नुकत्याच जन्मलेल्या मुलग्याचं वृषण कधीकधी स्वतःभोवती फिरतं. ते ज्या नसेला लोंबलेलं असतं तिला पीळ बसतो, रक्त अडतं आणि काही तासांत वृषण मरतं. मोठ्या मुलाला असं झालं तर तो वेदनेने किंचाळतो, आईबाप धावत आणतात आणि वेळेत पीळ सोडवला तर ते वाचतंही. नवजात बाळाचं तसं नाही. तिथे बहुतेक वेळा हे सगळं आईच्या पोटातच उरकलेलं असतं. जन्मानंतर हाताला लागते ती फक्त टणक, निळसर गाठ. बाळ रडतही नाही. मग प्रश्न असा की जे मेलंच आहे त्यासाठी चारपाच दिवसांच्या जिवाला लगेच भूल द्यायची का? मी म्हणे, नाही. दोनतीन महिने थांबा, बाळाचं वजन वाढू द्या, फुप्फुसांना बळ धरू द्या. मल्लिनाथ म्हणत, आजच. मेलेल्यासाठी नव्हे, उरलेल्या दुसऱ्यासाठी. या वयात वृषण पिशवीला धड चिकटलेलं नसतं. जी बाजू फिरली ती फिरली, पण दुसरीही फिरू शकते. ती उघडायची, तीन टाके घालून जागेवर बसवायची.

माझ्या नकाराला कारण होतं. नोकरीच्या सुरुवातीला मी एका आठवड्याच्या बाळाला भूल दिली होती, साध्याशाच कामासाठी. ऑपरेशन छान झालं आणि तासाभराने वॉर्डात त्याचा श्वास थांबला. आम्ही त्याला परत आणलं, पण ती मिनिटं मी विसरले नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यामुळे कुणी सर्जन नवजात बाळासाठी "लगेच" म्हणाला की, याला खरोखर बाळाची काळजी आहे की याचे हात शिवशिवतायत, हाच विचार माझ्या मनात यायचा. मल्लिनाथांबद्दलही यायचा. हे आज लिहिताना मला लाज वाटते, पण यायचा.

अकरा वर्षांपूर्वी करकंबहून एक बाळ आलं. सात दिवसांचं, वजन बेताचं, अंगावर कावीळ. उजव्या बाजूला टणक गाठ, वरची कातडी भाजल्यासारखी लाल. बरोबर बाप, आजी, आणि एक पन्नाशीची बाई होती. बाकीचे बाकावर बसले तरी ती खाली फरशीवरच बसली. ही कोण म्हणून विचारलं तर आजी उसळलीच. "हीच ती सोजर. बाळाला न्हाऊ घालती. हिनंच वढलं वो, डाक्टर. हिचा हात लई जड हाय. तुमीच इचारा तिला." आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालणारी बाई नाक ओढून सरळ करते, डोकं दाबून गोल करते, हातापायांच्या घड्या घालते. त्यामुळे बाळाला काहीही झालं की बोट तिच्याकडे जातं. या लोकांनी तर तिला आरोपीसारखं जीपमध्ये घालून सोलापूरपर्यंत आणलं होतं. खरं सांगायचं तर मलाही तिचाच संशय आला. हात चांगले राठ होते.

मल्लिनाथ तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "सोजरबाई, तुमच्या हाताला पहिल्यांदा कधी लागलं?"

"पयल्या आंगुळीलाच," ती म्हणाली. "तिसऱ्या दिशी घरी आणलं तवाच. टणक खड्यावानी. दाबलं तरी पोरगं रडंना, म्हून म्या आजीस्नी सांगितलं. तर म्हनल्या, गप ऱ्हा, तुजं काम कर."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आजीने गाठ पाहिली होती, पण थंडीने गोळा आला असेल म्हणून चार दिवस शेगडीवर फडकं गरम करून शेक दिला होता. कातडी लाल झाली ती त्याने. घरात मात्र सोजरच्या नावाने ओरड चालली होती... चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मल्लिनाथ आजीवर रागावले नाहीत. म्हणाले, "आजी, ह्यात कुणाचाच हात नाही. न तिचा, न तुमच्या शेकाचा. पहिल्याच आंघोळीला टणक होतं आणि दुखत नव्हतं, म्हणजे पोटात असतानाच फिरलं होतं." मला वाटलं, हा माणूस सगळ्यांना खूश ठेवायला बघतो आहे.

मग वाद सुरू झाला. आधी बापाचा. "दुखणं उजव्या अंगाला हाय नव्हं? मग डाव्याला कशापायी चाकू लावताय?" आजीला वेगळीच शंका. तिने पदराआडून मला विचारलं, "नसबंदी तर न्हाय ना करत? आमच्या वंशाचं काय करून ठिवतील..." त्यांना समजावताना मल्लिनाथांचा घसा कोरडा पडला, आणि ती माणसं राजी झाली तेव्हा मी आडवी आले. मी मल्लिनाथांना बाजूला घेऊन सांगितलं, कावीळ आहे, वजन कमी आहे, उजवं गेलेलंच आहे, मी आज भूल देणार नाही. ते म्हणाले, "बाई, तुमची भीती तासाभराची आहे. माझी पुढच्या तीन महिन्यांची." मी विचारलं, "डावी बाजू आत्ता चांगली आहे ना?" ते म्हणाले, "हाताला चांगली लागते." "मग?" "उजवीही पोटात एक दिवस चांगलीच होती की."

कावीळ कुठवर आहे ते रक्त तपासून पाहिलं. थांबावं इतकी ती नव्हती. मी भूल द्यायला तयार झाले, पण मनातून नाही. मनातून मी त्यांच्यावर चिडले होते.

उजवी बाजू उघडली. वृषण जांभळासारखं काळं होतं. त्यांनी पीळ सोडवला, कोमट सलाईनच्या कापडात गुंडाळून दहा मिनिटं रंग फिरतोय का पाहिलं. फिरला नाही. ते काढून टाकलं आणि डाव्या बाजूला छेद घेतला. त्याच क्षणी बाळाच्या हृदयाचे ठोके घसरले. तिथली नस ओढली गेली की असं होऊ शकतं. मी ओरडले, "हात सोडा." त्यांनी सोडला. मी औषध दिलं, डोळे मॉनिटरवर. ठोके वर यायला फार तर अर्धं मिनिट लागलं असेल. त्याच वेळी सिस्टर टाक्यांचा दोरा घ्यायला ट्रॉलीकडे वळली होती. आणि आमच्या दोघांमध्ये टांगलेल्या पडद्यापलीकडून त्यांचा आवाज आला, "बाई, डावीलाही अर्धा पीळ आहे. सोडवला. रंग येतोय." मी मान वर करून पाहिलं तेव्हा गुलाबी, सरळ वृषण होतं आणि ते पहिला टाका घालत होते.

म्हणजे तो पीळ फक्त त्यांनी पाहिला. सकाळभर ज्या गोष्टीवरून माझ्याशी भांडले, नेमकी तीच गोष्ट त्यांना सापडली, आणि नेमकी मी बघत नसताना. माझ्या मनात जे आलं ते कागदावर उतरवायला, ते गेल्यावरही मला पाच आठवडे लागले. मला वाटलं, यांनी पीळ पाहिला नाही. जिंकायचं होतं म्हणून नुसतं म्हणाले. त्याहून वाईट म्हणजे, यांनी स्वतःच बोटाने अर्धा फिरवला आणि सोडवला, असंही वाटलं. असं एखादा भला माणूस करत नाही हे मला कळत होतं. तरी वाटलं. केस पेपरवर त्यांनी 'डाव्या बाजूला अर्धा पीळ' असं लिहिलं, ते मी उलटून पालटून तीनदा वाचलं.

त्यानंतर आमचा वाद संपला, कारण मी वाद घालणंच सोडलं. त्यांनीही त्या केसचा कधी उल्लेख केला नाही. परिषदेत सर्जन असल्या गोष्टी पडद्यावर फोटो लावून मिरवतात. यांनी त्या आजारावर भाषण केलं तेव्हाही करकंबचं बाळ त्यात नव्हतं. मी मागच्या रांगेत बसून वाट पाहत होते. नाही आलं. मी त्याचाही अर्थ माझ्या सोयीने लावला. खरं असतं तर सांगितलं असतं, नाही का... मुलगा दरवर्षी तपासणीला येई, सोजरबाईच घेऊन येत. राहिलेलं वृषण वयाप्रमाणे वाढत होतं. पण संशयी माणसाला त्यातूनही पुरावा मिळत नाही. टाके घातले म्हणून ते राहिलं, की नसते घातले तरी राहिलं असतं, हे कोण सांगणार?

मी एक मात्र करायला लागले. असं बाळ टेबलावर आलं आणि त्यांनी दुसरी बाजू उघडली की मी उठायची, मॉनिटरवर एक डोळा ठेवून पडद्याला वळसा घालून जायची आणि वाकून बघायची. पीळ आहे की नाही, आपल्या डोळ्यांनी. बघून परत स्टुलावर यायची आणि बहुतेक वेळा चैन न पडून पुन्हा एकदा जायची. त्यांनी कधी विचारलं नाही, काय बघता. त्याच सुमाराला माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या बाजूला त्यांचा हात मंदावलाय. पहिल्या बाजूला विजेसारखा चालणारा माणूस दुसरीकडे छेद घेऊन नुसता उभा राहायचा. मी लगेच निदान केलं. वय झालं, नजर गेली. एकदा चहा घेताना स्पष्टच सांगितलं, "डॉक्टर, डोळे तपासून घ्या. दुसऱ्या बाजूला तुम्ही घुटमळता." ते शेंगाचटणी लावलेला कडक भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "होय बाई. वय झालं." मी महादेवीताईंनाही फोन करून सांगितलं. मल्लिनाथांनी खरोखर डोळे दाखवले. नजर उत्तम होती. डोळ्यांचा डॉक्टर ओळखीतला आहे म्हणून बरं सांगत असेल, असं मी म्हटलं.

शेवटची भेट ते जाण्याच्या आठ दिवस आधीची. हर्नियाचं एक साधं ऑपरेशन संपलं, ते बूट घालत होते आणि मी दारात उभी होते. विचारायचं माझ्या ओठांवर होतं. करकंबच्या बाळाला डावीकडे पीळ खरंच होता का हो? अकरा वर्षांत असं अनेकदा ओठांवर येऊन परत गेलं होतं. विचारलं तर मला त्यांच्याबद्दल काय वाटत होतं ते त्यांना कळेल, म्हणून विचारत नव्हते. त्यांनी वर पाहून म्हटलं, "काय बाई?" मी म्हटलं, "काही नाही, ऊन फार आहे, टोपी घाला." ते टोपी घालून गेले. आता तो प्रश्न कुणाला विचारू?

गेल्या आठवड्यात माढ्याहून एक बाळ आलं, चार दिवसांचं. सर्जन डॉक्टर अनुराधा. ही मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली, तेलुगू घरची, मल्लिनाथांच्या हाताखाली सहा वर्षं शिकलेली. असं ऑपरेशन ती पहिल्यांदाच एकटी करत होती, त्यामुळे मी नेहमीपेक्षा दुप्पट सावध होते. पहिली बाजू गेलेली होती. ती तिने काढली. दुसऱ्या बाजूला छेद घेतला आणि दोन्ही हात छातीशी धरून उभी राहिली. हिचंही तेच, म्हणून मी वैतागले. "काय झालं? का थांबलीस?"

"तुमची वाट बघतेय, मॅडम."

"माझी कशाला?"

"सर थांबायचे ना." मास्कमधून तिचे डोळे मला गोंधळलेले दिसले. मला हे माहीत नाही याचंच तिला नवल वाटत असावं. "त्यांनी शिकवलंय. दुसरी बाजू उघडली की बोटसुद्धा लावायचं नाही. आधी बाई येऊन बघतील. सर म्हणायचे, करकंबच्या बाळाच्या वेळी मी घाई केली, त्यांना दाखवायच्या आधीच पीळ सोडवला. माझी चूक झाली. त्यांनी किती वर्षं मनात ठेवलं असेल."

मॉनिटरचा आवाज नीट चालू होता म्हणून बरं. माझ्या मनात काय आहे ते त्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी रागावून खुलासा केला नाही, माझा अपमान केला नाही. मी बघून घ्यावं म्हणून अकरा वर्षं उघड्या जखमेपाशी हात आवरून उभे राहिले, आणि मी म्हातारे झालात म्हटलं तेही ऐकून घेतलं. वर म्हणायचे, चूक माझी. मला त्यांची क्षमा मागायची होती आणि ते नव्हते. अकरा वर्षांत मला एवढं रडू कधी आलं नव्हतं, आणि भूल दिलेलं बाळ समोर असताना रडता येत नाही.

मी पडद्याला वळसा घालून गेले. वाकले. वृषण गुलाबी होतं, नस सरळ होती, पीळ नव्हता. "सरळ आहे," मी म्हटलं. "घाल टाके." आणि माझ्या स्टुलाकडे वळले.

अनुराधाने हात हलवले नाहीत.

"आता काय?"

"सर म्हणायचे, त्या एकदा बघून जातात, मग पुन्हा येतात. तेवढं थांबायचं."

मी पुन्हा बघायला वळलेच होते.